५८३०० : अनगोळात बसून अमेरिकेची बिलं करताना

आमच्या कामाच्या रांगेत सगळ्यात आखूड नोट असते ती तांबी बसवल्याची. आठ-दहा ओळी. बाई आली, लघवीची तपासणी झाली, गरोदर नाही, संमतीवर सही घेतली, गर्भाशयाची खोली मोजली, तांबी बसवली, दोरे कापले, बाई घरी गेली. चार-चार पानी ऑपरेशनच्या नोटा वाचून डोळे शिणलेले असताना असा चार्ट उघडला की नवख्याला हायसं वाटतं. जुन्याला वाटत नाही. पैसे नाकारून परत आलेल्या क्लेमच्या ढिगात हीच आखूड नोट त्याला पुन्हा पुन्हा भेटलेली असते.

मी बेळगावात, अनगोळच्या घरी बसून अमेरिकेतल्या स्त्रीरोग दवाखान्यांच्या नोटा वाचते आणि विम्याच्या बिलासाठी त्यांना कोड लावते. माहेर खानापूर तालुक्यातलं, दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी. आमच्याकडे बी.एस्सी. झालेल्या मुलीपुढे वाटा ठरलेल्या. एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागायचं, नाहीतर खासगी शाळेत टेंपररी, नाहीतर गोव्याला वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत. सरकारी नोकरी म्हणाल तर कन्नडचा पेपर आडवा येतो. लग्नानंतर गोवा शक्य नव्हतं. टिळकवाडीत मेडिकल कोडिंगचा क्लास आहे असं मैत्रिणीकडून कळलं आणि जाऊन बसले.

शिकवणारे सर निपाणीचे. चेन्नई-हैदराबादला बरीच वर्षं काढून आईवडिलांसाठी परत आलेले. पहिल्याच तासाला त्यांनी कोडांची तीन जाड पुस्तकं टेबलावर आपटली. कशासाठी केलं ते आयसीडी-१० मध्ये, काय केलं ते सीपीटीमध्ये, काय वापरलं ते एचसीपीसीएसमध्ये. मग म्हणाले, "नळ बसवायला माणूस आला तर मजुरी वेगळी आणि नळाची किंमत वेगळी, व्हय की नाही? आणि नळ तुम्हीच दुकानातनं आणून दिला असला तर त्यानं मजुरी तेवढीच घ्यायची." आम्ही हसलो. आज माझ्या कामाचा अर्धा भाग या एका वाक्यावर चालतो.

परीक्षा एएपीसी या अमेरिकन संस्थेची, नाव सीपीसी. १०० प्रश्न, ४ तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. पुस्तकं उघडी ठेवून द्यायची. घरच्यांना वाटलं, मग काय सोपंच की. पण पुस्तकात शोधत बसलात तर निम्म्या पेपरातच वेळ संपतो. कुठलं पान उघडायचं नाही हे आधी माहीत असावं लागतं. पास झाल्यावरही नावापुढे सीपीसी-ए लागतं. तो 'ए' उमेदवारीचा. कामाचा अनुभव दाखवला की जातो. त्या 'ए'मुळे सुरुवातीला नोकरी मिळेना, आणि नोकरीशिवाय तो 'ए' जाईना. शेवटी एका बिलिंग कंपनीत उमेदवार म्हणून घेतलं, आधी प्रशिक्षण, मग साधे ओपीडी चार्ट, आणि मग स्त्रीरोगाची रांग. बाईमाणूस म्हणून दिली की जागा रिकामी होती म्हणून, ते टीम लीडला माहीत.

तांबीच्या भेटीचा सांगाडा असा. बसवण्याच्या कामाचा कोड ५८३००. काढण्याचा ५८३०१. कारण म्हणून झेड ३०.४३० लावायचा, म्हणजे 'गर्भाशयातलं साधन बसवून घेण्यासाठी आली'. जुनी काढून त्याच दिवशी नवीन बसवली तर कारण झेड ३०.४३३ आणि कामाचे दोन्ही कोड; त्यातल्या एकाला कुठली विमा कंपनी ५१ हा मॉडिफायर (कोडला मागून जोडायची दोन आकडी खूण) मागते, कुठली ५९. त्याचं तर्कशास्त्र विचारू नये, कंपनीचं धोरण उघडून बघावं. गरोदरपणाची लघवी तपासणी ८१०२५. आणि यंत्राचा कोड वेगळा: तांब्याच्या साधनाला जे ७३००, हार्मोनवाल्यांना प्रत्येक ब्रँडप्रमाणे वेगवेगळा. मिरेना जे ७२९८, लिलेटा जे ७२९७, कायलीना जे ७२९६, स्कायला जे ७३०१.

गंमत इथेच आहे. मिरेना आणि लिलेटा दोन्हीत लेवोनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन, दोन्हीत ५२ मिलिग्रॅम. डॉक्टरच्या दृष्टीनं 'एलएनजी ५२' लिहिलं की सगळं सांगून झालं. माझ्या दृष्टीनं काहीच झालेलं नाही.

एक नोट दाखवते. बाईची ओळख पटेल असं त्यात काही नाही, अशा नोटा रोज येतात. "गर्भाशयमुख स्वच्छ केलं. टेनॅक्युलम लावलं. खोली ७ सेंमी. एलएनजी आययूडी ५२ मिग्रॅ बसवलं. दोरे ३ सेंमीवर कापले. रुग्णाला त्रास नाही." संपलं. ब्रँड नाही. दवाखान्याच्या दरपत्रकात मिरेनाच आहे, गेल्या आठवड्यातल्या सगळ्या चार्टांत मिरेनाच होतं. तरी जे ७२९८ टाकता येत नाही. नोटेत नाही ते घडलंच नाही, असं धरून चालायचं हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मग क्वेरी पाठवायची: "कृपया वापरलेल्या साधनाचं नाव आणि लॉट नंबर नोंदवावा." "मिरेना होतं का?" असं विचारायचं नाही, कारण तो उत्तर सुचवणारा प्रश्न झाला. डॉक्टर कधी तासात उत्तर देतात, कधी आठवडा काढतात, आणि तोवर तो चार्ट माझ्या नावावर लटकलेला. यंत्राची किंमत बऱ्याचदा हजार डॉलरच्या वर असते. बसवण्याच्या मजुरीपेक्षा नळ कितीतरी महाग. म्हणून दवाखाना मजुरी बुडाली तर सोसतो, यंत्राचे पैसे बुडाले तर रात्री कॉलवर येतो.

नाव कळलं तरी सुटका नाही. त्याच्या खोक्यावरचा एनडीसी नंबर, म्हणजे औषधाचा अमेरिकेतला ओळखक्रमांक, क्लेममध्ये लागतो. खोक्यावर तो दहा आकडी असतो, क्लेमला अकरा लागतात: पाच, चार, दोन अशा गटांत. मिरेनाच्या खोक्यावर ५०४१९-४२३-०१ छापलेलं असतं, म्हणजे मधल्या गटात एक आकडा कमी. शून्य त्या मधल्या गटाच्या सुरुवातीला घालायचं, ५०४१९-०४२३-०१. पुढे एन ४ ही अक्षरखूण, मागे एकक आणि संख्या. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं म्हणतात. करतं, जोवर कुणी नवीन साधन यादीत भरताना शून्य शेवटी घालत नाही. एकदा असे क्लेम झुंडीनं परत आले, सगळ्यांवर सीओ-१६, म्हणजे माहिती अपुरी. कारण एकाच शून्याची जागा.

या सीओ आणि पीआरचं मी घरात समजावत असते, कारण माझ्या लेखी बिलातली सगळ्यात महत्त्वाची दोन अक्षरं तीच. नाकारलेल्या रकमेपुढे सीओ असलं तर ती दवाखान्याच्या माथी, रुग्णाकडे मागता येत नाही. पीआर असलं तर रुग्णाच्या माथी. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्याखाली, ऑगस्ट २०१२ पासून, बहुतेक खासगी विम्यांना गर्भनिरोधनाची साधनं आणि ती बसवणं रुग्णाकडून एक पैसा न घेता द्यावं लागतं. काही जुने विमे आणि काही धार्मिक मालक त्यातून सुटलेत. तेव्हा तांबीच्या बिलात पीआर दिसलं की मी थांबते. पुष्कळदा त्याचं मूळ सापडतं ते कारणाच्या कोडमध्ये.

म्हणजे असं. चाळिशीतली बाई, पाळी फार जाते म्हणून आली. हार्मोनची तांबी त्यालाही चालते. नोटेत डॉक्टर लिहितात, "अतिरक्तस्रावासाठी मिरेना." मग पहिलं कारण एन ९२.०, रक्तस्रावाचं. विमा कंपनी म्हणते हा उपचार झाला, प्रतिबंध नव्हे. मग वजावट (विम्याआधी रुग्णानं स्वतः भरायची रक्कम) लागू, बाईनं भरा. तीच बाई गर्भनिरोधनासाठीही बसवून घेत असेल आणि डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल, तर झेड ३०.४३० पुढे येतो आणि तिला काही भरावं लागत नाही. तेच यंत्र, तोच हात, तीच दहा मिनिटं. मी माझ्या मनानं झेड पुढे आणू शकत नाही. बाईची नसबंदी झालेली असेल तर तसं आणणं चक्क खोटं होईल. पण नोटेत दोन्ही कारणं असून कुणी फक्त पहिलं उचललं असेल तर ते दुरुस्त करून क्लेम पुन्हा पाठवता येतो, आणि बाईचं बिल शून्यावर येतं. महिन्याच्या आकडेवारीत या कामाला वेगळा रकाना नाही. मला मात्र तेच करायला आवडतं.

माझं आणि टीम लीडचं वाजतं ते २५ नंबरच्या मॉडिफायरवरून. बसवण्याच्या दिवशी डॉक्टरांनी तपासणीची वेगळी फी लावली, उदाहरणार्थ ९९२१३, तर तिला २५ जोडावा लागतो: 'हे काम बसवण्यापेक्षा वेगळं आणि दखल घेण्याजोगं होतं'. बाई आली, पाच साधनांची चर्चा झाली, बीपी जास्त म्हणून गोळ्या बाद ठरल्या, मग तांबी ठरली आणि तेव्हाच बसवली, तर २५ रास्त आहे. पण चर्चा आधीच्या भेटीत झाली असेल (त्या भेटीला झेड ३०.०१४ लागून गेलेला असतो) आणि आज ती फक्त बसवून घ्यायला आली असेल, तर 'कशी आहेस, बैस' याची फी होत नाही. काही दवाखाने सरसकट लावतात. लीड म्हणतात, "क्लायंटला हवंय ना, नोट लांब आहे, लावून टाका." नोट लांब असते ती मागच्या भेटीतला मजकूर जसाच्या तसा चिकटवल्यामुळे. तारखा बघितल्या की कळतं. मी लावत नाही, शेरा लिहिते. ऑडिटमध्ये ९५ टक्के अचूकता मागतात, आणि ऑडिटर माझ्या बाजूनं असतो तोवर लीडही गप्प असतात.

मग निम्म्यावर सोडलेली कामं. गर्भाशयमुख अरुंद, बाईला भोवळ आली, नाडी मंद झाली, डॉक्टर थांबले. ५८३०० ला ५३ जोडायचा, म्हणजे सुरू केलं पण रुग्णाच्या भल्यासाठी सोडलं. नोटेत कुठवर पोचले हे हवं. नुसतं 'अयशस्वी' लिहिलं की कंपनी विचारते, सुरू तरी केलं होतं का. आणि पाकीट फोडलेलं यंत्र? ते वाया गेलं, त्याची भरपाई कशी मागायची हे प्रत्येक कंपनीचं निराळं. सरांचा 'नळ तुम्हीच आणून दिला असला तर' हा भागही रोजचा आहे. काही विम्यांत यंत्र औषध दुकानातून थेट रुग्णाच्या नावानं दवाखान्यात येतं, दुकान त्याचे पैसे आधीच घेऊन मोकळं झालेलं. दवाखान्यानं पुन्हा यंत्राचा 'जे' कोड लावला की डुप्लिकेट म्हणून उडतो, आणि कधी कधी सोबत मजुरीही अडकते. खोकं कुठून आलं हे नोटेत एका ओळीत लिहिलं तर माझा अर्धा तास वाचतो. ती ओळ लिहिणारा डॉक्टर मला अजून भेटायचा आहे. नर्सेस मात्र लिहितात.

घरी हे काम काय आहे हे सांगणं अवघड गेलं. सासूबाई पहिल्यांदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "रात्री-अपरात्री त्या बायकांचं काय बघालीस गं?" कामाची खोली बंद ठेवावी लागते, आत मोबाईल नाही, वही नाही, पडद्यावर रुग्णांची नावं असतात म्हणून. त्यांना ते चोरट्यासारखं वाटायचं. सासरे निवृत्त मराठी शिक्षक. ते म्हणाले, "र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा लोकांनी त्यांना वाळीत टाकायचं बाकी ठेवलं होतं. आपली सून त्याच कामाचे पैसे वसूल करते, ते बी डॉलरात." त्यानंतर सासूबाईंनी विषय सोडला, आणि धाकट्या जावेनं धरला.

धाकट्या जावेचं माहेर चंदगडकडचं, हद्दीपलीकडचं. पहिलं बाळंतपण माहेरी, सरकारी दवाखान्यात. तिथं बाळ झाल्याबरोबर, वार पडल्यावर लगेच, तिच्या संमतीनं तांबी बसवली, ३८० ए. बिल नाही, कोड नाही. केंद्राच्या योजनेत अशा तांबीला बसवणाऱ्याला आणि आशाताईला प्रत्येकी १५० रुपयांची तरतूद आहे, साधन फुकट. मला हे ऐकून माझ्या रांगेतले चार्ट आठवले. अमेरिकेत प्रसूतीचा खर्च एकगठ्ठा धरतात. त्यात यंत्राची किंमत वेगळी मिळत नसे, म्हणून दवाखाने प्रसूतीच्या खोलीत ते बसवायलाच टाळायचे, सहा आठवड्यांनी या म्हणायचे, आणि बऱ्याच बायका येत नसत. गरिबांच्या मेडिकेड योजनेतून याचे वेगळे पैसे द्यायला सगळ्यात आधी सुरुवात केली साउथ कॅरोलायना राज्यानं, २०१२ मध्ये. मग एकेक राज्य मागून आलं. नळाची किंमत वेगळी काढली आणि नळ बसू लागले.

जावेला मात्र पुढे त्रास सुरू झाला. दोरे हाताला लागेनात, ओटीपोटात दुखायचं. बेळगावच्या दवाखान्यात गेली तर हातात माहेरचं मराठी कार्ड, समोरच्या सिस्टर धारवाडकडच्या. त्यांनी त्यावरचे 'सीयू ३८० ए' आणि तारीख एवढंच वाचलं, आणि तेवढं पुरलंही. सोनोग्राफीत दिसलं, तांबी खाली सरकून तिचा एक हात स्नायूत रुतलाय. खासगी रुग्णालयात भूल देऊन, दुर्बीण घालून काढली, एक दिवस दाखल. त्याच वेळी तिनं हार्मोनवाली नवीन बसवून घेतली. दिराच्या कंपनीचा विमा होता. क्लेम गेला आणि सरळ नाकारून आला: एक्सक्लुजन १७.

हे कलम मी पाठ केलेलं होतं. भारतात विमा नियामकानं वगळण्याच्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांना एकसारखी करून दिली आहे, त्यातलं सतरावं कलम वंध्यत्व आणि नसबंदीचं, आणि त्यात पहिल्याच पोटकलमात 'कुठल्याही प्रकारचं गर्भनिरोधन' येतं. तिकडे जे कायद्यानं फुकट द्यावं लागतं ते इकडे कलमानं वगळलेलं. दीर चिडून म्हणाला, "सोडा वहिनी, ह्यांच्याकडनं काय मिळणार." मी म्हटलं, डिस्चार्ज कार्ड दे.

कार्डावर निदान म्हणून तीन शब्द: 'कॉपर टी रिमूव्हल'. बस. कंपनीच्या माणसानं ते वाचलं आणि सतरावर बोट ठेवलं; त्याच्या जागी मी असते तर मीही ठेवलं असतं. खाली दुखण्याचा उल्लेख नाही, सरकल्याचा नाही, रुतल्याचा नाही. सोनोग्राफीचा अहवाल फाईलमध्ये होता, पण क्लेमला जोडलेला नव्हता. माझ्या रांगेत हा चार्ट आला असता तर नुसत्या काढण्याचा झेड ३०.४३२ न लावता टी ८३.३२ कडे गेले असते, जागेवरून सरकलेलं साधन, म्हणजे गुंतागुंत. ती काढणं हा उपचार झाला.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी काय लिहा ते सुचवलं नाही, सवयच तशी. एवढंच विचारलं, "मॅडम, आत काय दिसलं होतं ते सविस्तर लिहून मिळेल का?" त्यांनी स्वतःचा ऑपरेशनचा कागद काढला, त्यावर सगळं होतं, डिस्चार्ज कार्ड बनवणाऱ्या मुलानं फक्त मथळा उतरवला होता. त्यांनी सुधारित कार्ड दिलं, तारीख-सहीसकट. बिलही फोडून मागितलं: भूल, दुर्बीण, काढणं एका बाजूला, नवीन साधन आणि ते बसवणं दुसऱ्या बाजूला. बिलिंगच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "असं वेगळं कोण मागत नाही अक्का." मग फेरविचाराचं पत्र लिहिलं, सोनोग्राफी अहवाल, ऑपरेशनचा कागद, नवीन कार्ड आणि फोडलेलं बिल जोडून.

कंपनीनं पहिली बाजू मंजूर केली. दुसरी कापली, नवीन साधनाची किंमत आणि बसवण्याची मजुरी, पुन्हा तेच सतरावं कलम. दिराच्या मते मी आणखी एक पत्र टाकायला हवं होतं, कारण हार्मोनवाली तांबी कापलेल्या रकमेचा मोठा हिस्सा होती. मी टाकलं नाही. नवीन तांबी पाळणा लांबवण्यासाठीच बसवली होती आणि डॉक्टरीणबाईंनी तसंच लिहिलं होतं.